अल कुसैसमधलं बीचचं रान

सोमवार, ८ जानेवारी २०२४

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर एक सल्ला दिला: राग आला की थांबा. कसं थांबायचं ते सांगितलं नाही. तोडगा सुमैय्याने काढला. बँकेकडून फुकट आलेली ही डायरी पुढ्यात टाकून म्हणाली, "हिबावर नि कामगारांवर जे ओरडता, ते आधी इथे ओरडा. कागदाला प्रेशर नसतं." बायकोशी वाद घालायचा नाही हेही डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून लिहितोय.

दुबईतल्या आमच्या सजावटीच्या वर्कशॉपला आज मोठा फोन आला. शारजाच्या हद्दीवर मुलांसाठी एक निसर्ग केंद्र उभं राहतंय. तिथल्या मौझा मॅडमना एका हॉलमध्ये 'माउंटन बीच फॉरेस्ट' हवंय. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम मॅडम. मी रत्नागिरीचा, मला बीच कोण शिकवणार? लगेच धनंजयला बसवून सांगितलं: वाळू, वाकलेले माड, दोन होड्या, चारपाच खेकडे. धनंजय आमचा फोरमन, सांगलीकडचा. त्याने मान डोलावली, पण विचारलं, "शौकतभाई, डोंगरावर खेकडे?"

संध्याकाळी हिबाने स्केच बघितलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण. "अब्बा, डबल ई वालं बीच. इट्स अ ट्री. युरोपमध्ये असतं."

डोंगर आणि समुद्र एकत्र कसे, हे माझ्याही मनात आलंच होतं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

काम मिळालं. अल्हम्दुलिल्लाह. गेली दोन वर्षं मॉलवाले सगळं एलईडी स्क्रीनवर दाखवतात. हाताने काही बनवून घ्यायला कुणी मागत नाही. कुसैसमध्ये वर्कशॉप काढलं तेव्हा रमझानचे तंबू, दिवाळीच्या कमानी, दुकानांचे काउंटर, लग्नाची स्टेजं, श्वास घ्यायला सवड नव्हती. आता हे एक काम चांगलं झालं तर केंद्राचे बाकीचे हॉलही आपल्याकडे येतील. नाही झालं तर वर्षाच्या शेवटी निम्मी माणसं गावी पाठवावी लागतील. हे मी कुणाला बोललेलो नाही.

पहिली दहा झाडं उभी केली. थर्माकोल कोरून वर फायबर, त्यावर रंग. बीचची साल राखाडी आणि गुळगुळीत असते, हत्तीच्या पायासारखी. सगळी झाडं सरळ, सारख्या उंचीची, अंतर समान. फौज उभी असावी तशी. डोळ्यांचं पारणं फिटलं.

केंद्राने एक शास्त्रज्ञ बाई सल्लागार नेमल्यात. याना नाव, स्लोव्हाकियाच्या डोंगरात एका राखीव जंगलात काम करतात. व्हिडिओवर मी अभिमानाने फोन फिरवून सगळी झाडं दाखवली. बाई मग म्हणाल्या, "व्हेरी नाइस. बट धिस इज प्लांटेशन. व्हेअर आर द डेड वन्स?"

मेलेली झाडं कुठायत म्हणे! पैसे मोजून कोण मेलेली झाडं बनवतो?

हे वाक्य मी इथे ओरडलो. फोनवर ओरडलो नाही. गोळी लागू पडतेय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

याना बाईंची इंग्रजी माझ्यासारखीच, तुकड्यातुकड्याने. त्यामुळे आमचं एकमेकांना बरोबर कळतं. आज तासभर बोललो.

त्यांच्या दरीत शंभराहून जास्त वर्षं कुणी कुऱ्हाड नेलेली नाही. कुणी झाड लावत नाही, पाणी घालत नाही, पडलेलं उचलत नाही. मी विचारलं, कीड लागली तर औषध? नाही. वाटेवर खोड आडवं पडलं तर? "वी गो अराउंड." मग तुम्हाला पगार कशाचा? बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "काही न करण्याचा. आणि नीट बघण्याचा."

जंगल एकदम म्हातारं होत नाही म्हणे, आणि एकदम तरुणही नसतं. एक जुनं झाड जागेवरच वाळतं, त्याच्यावर घोड्याच्या खुरासारखी अळंबी उगवते, सुतारपक्षी भोकं पाडतो. कधीतरी ते पडतं. पडलेलं खोड कुजायला आणखी तीसचाळीस वर्षं, आणि तेवढा काळ त्याच्यावर शेवाळ, किडे, नवी रोपं, सगळ्यांचा संसार. आणि वर जिथे फांद्या होत्या तिथे आभाळाला भोक पडतं. उजेड खाली उतरतो.

मग त्यांनी एक फोटो दाखवला. मोठ्या झाडाखाली एक काटकुळं रोप, खोड माझ्या अंगठ्याएवढं. मला वाटलं, दोनचार वर्षांचं असेल. बाई म्हणाल्या, साठ. साठ वर्षं ते तिथे मोठ्या झाडाच्या सावलीत उभं आहे. मरत नाही, वाढत नाही. वरचं झाड जागा देईल तेव्हा ते चढायला लागेल.

मी अठ्ठावन्नचा. माझ्याहून वडील आहे ते रोप! बिचाऱ्याची फार कीव आली. किती हा धीर. सुमैय्याला जेवताना सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "खरंच, किती धीर." भात वाढला नि आत गेली.

हिबा जेवायला नव्हती. तिला वाटत होतं की या कामाची ड्रॉइंग्ज तिने मौझा मॅडमसमोर मांडावीत. मी म्हटलं, अजून वेळ आहे, आधी शीक. तिशीला आलीय, पाच वर्षं माझ्यासोबत काम करतेय, इंटिरिअर डिझाइनची डिग्री आहे, पण क्लायंट वेगळी गोष्ट असते. मी तिला पूर्ण मोकळीक दिलेली आहे. फक्त ईमेल जाण्याआधी मला दाखवायची, ड्रॉइंगवर मी नजर टाकायची, आणि मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. माझ्या बापाने मला एवढीही दिली नव्हती.

गुरुवार, २१ मार्च

रोजे चालू आहेत, त्यामुळे काम सकाळी लवकर. आज केंद्रात कमिटीची मीटिंग. याना बाईंच्या आग्रहावरून आम्ही दोन वाळकी झाडं आणि एक आडवं खोड ड्रॉइंगमध्ये घातलं होतं. घातलं होतं म्हणजे हिबाने, मी नजर टाकली होती.

कमिटीतल्या एका साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लोक म्हणतील मेंटेनन्स नाही. मुलं घाबरतील. मेलेलं झाड कशाला?" मौझा मॅडम तरुण आहेत, बोलायला गोड, पण कमिटीपुढे त्याही गप्प बसल्या. मी ताबडतोब म्हटलं, "नो प्रॉब्लेम सर, काढून टाकतो. खलास."

तेव्हा हिबा म्हणाली, "सॉरी, पण मग ते बीचचं जंगल राहणार नाही. पार्क होईल."

सगळ्यांसमोर. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. परतताना गाडीत तिला समजावलं की धंद्यात क्लायंटला हो म्हणायचं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती. "ओके अब्बा," म्हणाली. समजूतदार आहे.

मंगळवार, २ एप्रिल

हिबा हल्ली शटरच्या बाहेर जाऊन फोनवर बोलते. आज मी जवळून गेलो तर 'नोटीस पिरियड' असं काहीतरी ऐकू आलं. मला बघून आवाज हळू केला. मी सुमैय्याला म्हटलं, नक्की कुणीतरी मुलगा आहे, आणि त्याचं घरभाड्याचं काहीतरी लफडं आहे. घरमालकाची नोटीस असेल. सुमैय्या म्हणाली, "तुम्ही तिलाच का नाही विचारत?"

मी कसा विचारू? बाप आहे मी.

शनिवार, १३ एप्रिल

ईद छान झाली. सुमैय्याची मावशी, हव्वाबी खाला, दोन दिवस आमच्या घरी अल मनखूलला राहायला आल्या होत्या. शीरखुर्मा खाल्ला. डॉक्टरांना कळवलेलं नाही.

सगळी झाडं वर्कशॉपमध्ये उभी करून बघितली. तीस मोठी, त्यांच्या पायाशी बोटभर जाडीची छोटी रोपं, ती हिबाने हाताने बनवली. ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून आणलेली नकली पानं लावून झाली. मेलेलं एकही झाड नाही. कमिटी खूश होईल. पुढच्या महिन्यात डिलिव्हरी.

मंगळवार, १६ एप्रिल

आज जे आभाळ फाटलंय ते पस्तीस वर्षांत इथे बघितलं नव्हतं. दुपारीच अंधार, मग हिरवट उजेड. खाली रस्ता नाही, नदी आहे. गाड्या तरंगतायत. मी आणि सुमैय्या घरात अडकलोय. हिबा सकाळीच कुसैसला गेलेली.

फोन लागला तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, पाणी शटरखालून येतंय. मशीन्स वर घेतोय. झाडांचं नंतर बघू, आधी वायरिंग बंद करतेय." मी म्हटलं, झाडं टेबलावर चढव, प्लायवूड आधी उचल, धनंजयला दे फोन, मी सांगतो. ती म्हणाली, "अब्बा, मी ठेवते," आणि ठेवला. नंतर फोन लागेना.

बुधवार, १७ एप्रिल

धनंजयचा निरोप आला, माणसं सगळी सुखरूप आहेत. पोटमाळ्यावर बसलेत. बाजूच्या कॅफेटेरियावाल्याने चहा आणि खुबूस रोट्या दिल्या. छपराचा एक पत्रा वाऱ्याने उडाला. झाडं पडली.

हिबाने एवढंच लिहिलंय, "झाडं पडली. बाकी भेटल्यावर." सुमैय्या नमाजाच्या मुसल्ल्यावरून उठत नाही. मला टॅक्सी मिळत नाही. इमारतीच्या वॉचमनवर ओरडलो. मग जाऊन माफी मागितली.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज पोहोचलो. थोडी मेट्रो, पुढे एका पिकअपमध्ये उभं राहून, शेवटी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काळ्या पाण्यातून चालत.

मी आत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. खालचं प्लायवूड फुगून सुटलेलं, त्यामुळे निम्मी झाडं आडवी. एक सर्वांत उंच झाड दुसऱ्या दोघांवर कलून मधोमध पडलेलं, शेंडा मोडलेला, थर्माकोल उघडा. पानं भिंतीपर्यंत वाहत गेलेली. चिखल. तीन महिन्यांचं काम.

मी म्हटलं, ताबडतोब सगळं उचला. धनंजय, तुटलेलं बाहेर टाक, उभी आहेत ती पुसून घे, नवे साचे काढ, यल्ला, चला.

कुणी हललं नाही. धनंजयने हिबाकडे बघितलं.

हिबाच्या अंगावर मंगळवारचेच कपडे होते. ती म्हणाली, "उचलायचं नाही, अब्बा. मी फोटो पाठवलेत. याना मॅमना आणि मौझा मॅडमना."

मला न विचारता? पडलेल्या मालाचे फोटो क्लायंटला? माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. मी इतका ओरडलो की बाजूच्या गॅरेजमधले लोक डोकावले. हे सगळं इथे लिहायला हवं होतं, पण डायरी घरी होती.

ती मागे सरली नाही. मी दमून थांबलो तेव्हा शांतपणे म्हणाली, "झालं? आता या. इथे उभे राहा."

मला हाताला धरून तिने त्या मोठ्या पडलेल्या झाडाजवळ नेलं. वर उडालेल्या पत्र्याच्या जागेतून ऊन थेट तिथे उतरत होतं. बाकी शेड अंधारी. त्या उजेडात आडवं खोड, आणि त्याच्या बाजूला तिची ती बोटभर रोपं उभी. पाण्याने त्यांना काही झालं नव्हतं, वजनच नाही त्यांना. खोड असं काही कोनात पडलं होतं की तसं मी शंभर ड्रॉइंग काढूनही काढलं नसतं. पडलेल्या वस्तूला स्वतःचा एक आराम असतो.

तीस वर्षं मी नकली झाडं बनवतोय. आज पहिल्यांदा वाटलं की हे झाड कधीतरी जिवंत होतं.

मी उचलायचा विषय पुन्हा काढला नाही. ओरडून घसा बसला होता.

बुधवार, २४ एप्रिल

मौझा मॅडम स्वतः आल्या, अबाया चिखलातून सावरत. त्यांच्या आजोबांच्या अंगणातलं घाफचं झाड वादळात पडलं म्हणाल्या. आजोबांनी ते उचलू दिलं नाही. शेळ्या येऊन शेंगा खातायत, मुलं त्याच्यावर चढतायत.

याना बाई व्हिडिओवर होत्या. त्यांनी एकाच उताराचे दोन फोटो दाखवले. पहिला दहा वर्षांपूर्वीच्या वादळानंतरचा, जणू कुणी काड्यापेटी उपडी केलीय. लोक म्हणाले होते, साफ करा, नवीन लावा. यांनी हात लावला नाही. दुसरा फोटो गेल्या उन्हाळ्यातला. माणूस बुडेल एवढी कोवळी झाडं, आणि त्यांच्यात जुनी खोडं झोपलेली. "नोबडी प्लांटेड," बाई म्हणाल्या. "दे वेअर ऑलरेडी देअर. वेटिंग."

मग हिबा बोलली. मोजकं आणि स्पष्ट, अर्धं इंग्रजीत, अर्धं अरबीत. हिला एवढी अरबी कधी आली? मुलांनी उजेडाच्या जागी यायचं, खोडाला हात लावायचा, आत वाकून बघायचं, पोकळीत लपवलेला, बीचच्या लाकडात राहणारा निळा किडा शोधायचा, बसायचं. मेंटेनन्सचा प्रश्न आहे ना? दारावरच लिहू: इथे कुणी झाडलोट करत नाही. मुद्दाम.

मौझा मॅडम हसल्या आणि आडव्या खोडावर बसल्या.  "खलास," म्हणाल्या, "कमिटीशी मी बोलते. मागच्या वेळी मी गप्प बसले. या वेळी नाही."

गेल्यावर धनंजय मला म्हणाला, "शौकतभाई, आज तुम्ही काहीच बोलला नाहीत." मी म्हटलं, घसा अजून दुखतोय.

शनिवार, ४ मे

कमिटीचा होकार आला. पण आज दुसरंच घडलं.

सुमैय्याने चहा समोर ठेवला आणि सांगितलं की तो मुलगा वगैरे कुणी नाही. हिबाला रियाधच्या एका कंपनीत नोकरी मिळालीय. मोठं पद. ती नोटीस तिची होती, आपल्याला द्यायची. वादळाच्या आदल्या दिवशी तिने पत्र लिहून ठेवलं होतं.

 मी विचारलं, "का? मी काय कमी केलं?"

सुमैय्याने दाराकडे बघितलं. हिबा दारात उभी होती. मला वाटलं आता रडेल, पण रडली नाही.

"जायचं होतं," ती म्हणाली. "आता राहावंसं वाटतंय. पण असं नाही, अब्बा. हे जंगल मी पूर्ण करणार. क्लायंटशी मी बोलणार. तुम्ही विचारलंत तर सांगेन, नाही विचारलंत तर नाही. आणि वर्कशॉपच्या लायसन्सवर माझं नाव हवं. पार्टनर म्हणून."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, अब्बा. तारीख सांगा."

सुमैय्या तोंडाला ओढणी लावून हसली. मी डोळे मिटून श्वास घेतला, डॉक्टर म्हणाले होते तसा. मग म्हटलं, सोमवारी. लायसन्सचे कागद करून देणारं टायपिंग सेंटर सकाळी उघडतं.

खरं तर हे माझ्याही मनात होतंच.

सोमवार, ३ जून

झाडं ट्रकमधून केंद्रात नेऊन बसवतोय. मला हॉलमध्ये खुर्ची दिलीय. मी बसून बघतो. एका फांदीचा कोन मला खटकला. मी उठलो, पण कुणी विचारलं नव्हतं, म्हणून पुन्हा बसलो. थोड्या वेळाने हिबानेच तो बदलला. मग पुन्हा होता तसा केला. तोच बरा होता.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज शाळांची पहिली मुलं आली. कमिटीतले ते साहेब दाराशी हात मागे बांधून उभे होते. मुलं आत शिरली आणि आवाज एकदम कमी झाला. मग एका मुलीने खोडाच्या पोकळीत डोकं घातलं आणि किंचाळली, "देअर इज अ बीटल!" त्यानंतर रांग, शिस्त, काही उरलं नाही. एक मुलगा खोडाला टेकून तसाच बसून राहिला. टीचर बोलावत होती, तो उठेना.

साहेब जवळ गेले. मला वाटलं रागावणार. ते खाली वाकले, अंगातला पांढरा झगा, कंदुरा, सावरत, आणि त्याच्या शेजारी बसले.

बाहेर मौझा मॅडमनी पुढच्या हॉलबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यात इथल्या हजर पर्वतातली वादी, म्हणजे कोरड्या ओढ्याची दरी, हवीय. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "हिबाशी बोला."

सोमवार, १४ ऑक्टोबर

याना बाईंनी जंगल बघायला बोलावलं होतं. मलाही म्हणाल्या होत्या, पण डॉक्टरांनी डोंगर चढायला मनाई केली, म्हणून हिबा एकटीच गेली. सुमैय्याने तिच्या बॅगेत इतके स्वेटर भरले की एअरपोर्टवर दोन काढून अंगावर घालावे लागले.

दुपारी वर्कशॉपमध्ये फोन वाजला. कटर चालू होता, कंप्रेसर चालू होता, काही ऐकू येईना. मी शटरकडे पळालो. स्क्रीनवर सगळं पिवळं, तांबूस. मग हिबाचा चेहरा, नाक लाल.

"अब्बा, दिसतंय?"

तिने फोन फिरवला. आपण बनवलं त्याच्यासारखं काहीच नव्हतं. सगळं जास्त अस्ताव्यस्त, जास्त ओलं, जास्त मोठं. एक खोड शेवाळात पुरतं बुडालेलं, त्यावरून एक रोप वर निघालेलं. याना बाईंची पाठ दिसली, त्या वाट सोडून वळसा घालत होत्या.

हिबा म्हणाली, "आता मी बोलत नाही. फक्त ऐका."

मी आत धावलो आणि ओरडलो, "मशीन बंद करा! सगळी!"

धनंजयला वाटलं कुणाचा तरी हात कापला. कटर थांबला, कंप्रेसर शेवटचं फुसफुसून गप्प झाला. सगळे धुळीने माखलेले माझ्याभोवती जमले. मी फोन मध्ये धरला, आवाज पूर्ण वाढवला.

आधी काहीच नाही. मग वारा, खूप वरून, फांद्याफांद्यांतून. मग टप. थोड्या वेळाने पुन्हा टप. कुठेतरी उंचावरून फळ सुटत होतं आणि पानांवर पडत होतं. कुणी गोळा करणार नव्हतं, कुणी पेरणार नव्हतं. टप. बाहेर कुसैसच्या रस्त्यावर ट्रक हॉर्न देत होते, पण आमच्यातलं कुणी तिकडे बघितलं नाही. माझे डोळे भरून आले, ते लाकडाच्या भुशामुळे असावं.

बराच वेळ झाला. फोन अजून चालू होता. हिबा खरंच एक शब्द बोलत नव्हती.

धनंजय हळूच म्हणाला, "शौकतभाई, करायची चालू?"

मी म्हटलं, "असू दे थोडा वेळ."